बाळ झोपलं, आता रेकॉर्ड दाबा: स्कार्लेट टू-आय-टू (फोर्थ जेन) घरच्या निकषांवर

ऑडिओ इंटरफेसची (माइक-गिटारचा आवाज संगणकात नेणाऱ्या डबीची) परीक्षणं बहुधा रात्र मोकळी असलेल्या माणसांनी लिहिलेली असतात. कोथरूड, धायरी किंवा सिंहगड रोडवरच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये दीड वर्षाचं मूल, नोकरी आणि स्वतःची गाणी असं तिन्ही एकदम सांभाळणाऱ्याला त्यांचा फारसा उपयोग होत नाही. त्याचे प्रश्न दोनच. बाळाचा डोळा लागल्यापासून रेकॉर्ड दाबेपर्यंत किती मिनिटं जातात? आणि टेक (एका दमात चाललेलं रेकॉर्डिंग) अर्धवट सोडून उठावं लागलं तर काय वाया जातं? २०२३ साली आलेली फोकसराइट स्कार्लेट टू-आय-टूची चौथी आवृत्ती इथे याच दोन प्रश्नांवर तपासली आहे. किंमत वीस हजारांच्या आगेमागे, सणासुदीच्या सवलतीत थोडी खाली. या किमतीतल्या कुठल्याही नावाजलेल्या इंटरफेसचा आवाज आता घरी गाणं करून प्रसिद्ध करण्याइतका चांगला असतो, त्यामुळे त्यावर वेळ घालवलेला नाही.

सगळ्यात उपयोगी बदल जाहिरातीत फारसा मिरवला जात नाही. थर्ड जेनपर्यंत, म्हणजे आधीच्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत, माइकची केबल पुढच्या बाजूला लागायची. आता दोन्ही एक्सएलआर (माइकची केबल लावायचे सॉकेट) मागे गेले आहेत आणि पुढे गिटार किंवा कीबोर्डसाठी क्वार्टर इंचाचे दोन जॅक उरलेत. म्हणजे माइक कायमचा जोडलेला ठेवता येतो, केबल टेबलाच्या मागून खाली जाते आणि रांगत्या मुलाच्या हाताला पुढे लोंबणारं काही लागत नाही. रोज केबल लावणं, काढणं, गुंडाळणं यात जाणारी पाच-सात मिनिटं वाचतात. चाळीस मिनिटांच्या झोपेत ती थोडी नव्हेत.

दुसरा बदल गेनचा, म्हणजे माइकमधून येणारा क्षीण आवाज इंटरफेस किती वाढवू शकतो त्याचा. थर्ड जेनच्या माइक प्रीअँपची (आवाज वाढवणाऱ्या भागाची) गेनची मर्यादा ५६ डीबी (डेसिबल) होती, फोर्थ जेनमध्ये ती ६९ डीबी आहे. भरल्या गळ्याने गाणाऱ्याला हा फरक जाणवणारही नाही. पण शेजारच्या खोलीत मूल झोपलेलं असताना कुजबुजीच्या वर जेमतेम आवाज काढून गायचं, तेही शूर एसएम ५८ सारख्या डायनॅमिक माइकवर, तर ५० ते ५५ डीबी गेन सहज लागतो. जुन्या मॉडेलवर तिथे नॉब टोकाला जाऊन टेकतो. शूरचाच एसएम ७बी त्याहून साडेचार डीबीने मंद आहे. त्याच्यासाठी पूर्वी मध्ये वेगळा बूस्टर लावावा लागायचा. या इंटरफेसवर त्याची गरज नाही. तरी घरच्या कामासाठी एसएम ७बीवर पैसे घालू नयेत. एसएम ५८ पुष्कळ आहे, आणि तो हातातून पडला तरी बहुतेक वेळा काही होत नाही.

कंडेन्सर (जास्त संवेदनशील माइक) की डायनॅमिक (एसएम ५८ सारखा दणकट) या वादात एक गैरसमज पक्का बसलेला आहे. डायनॅमिक माइक खोलीतला आवाज ‘कमी ऐकतो’ असं म्हणतात, पण खरा फरक अंतराचा असतो. कंडेन्सरवर लोक फूटभर लांबून गातात, एसएम ५८ ओठांपासून पाच सेंटीमीटरवर धरतात. ३० सेंटीमीटरवरून ५ वर आलं की खोलीच्या गोंगाटाच्या तुलनेत गळा साधारण १५ डीबीने वर येतो. फ्रिज, पंखा, खालच्या मजल्यावरचा टीव्ही, सगळं तेवढं मागे पडतं. त्याची किंमत म्हणजे जवळ गेल्याने वाढणारा खर्ज. मिक्समध्ये ८० ते १०० हर्ट्झखालचं काढून टाकायचं आणि १५० ते २०० हर्ट्झच्या पट्ट्यात दोन-तीन डीबी कमी करायचे. ‘प’ आणि ‘फ’चे फुसके येत असतील तर माइक ओठांसमोरून थोडा बाजूला, हनुवटीच्या दिशेने तिरका धरावा.

माइकचं तोंड कुठे, हेही बहुतेक घरांत उलटं असतं. एसएम ५८ कार्डिऑइड आहे, म्हणजे तो पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकतो. त्यामुळे गाणाऱ्याने गोंगाटाकडे, म्हणजे खिडकीकडे किंवा दाराकडे, तोंड करून उभं राहायचं. माइकची पाठ आपोआप तिकडे होते. कपड्यांचं उघडं कपाट मात्र गाणाऱ्याच्या पाठीमागे हवं, कारण माइक त्या दिशेला बघत असतो. कपाटात तोंड घालून गाणारे नेमकं याच्या विरुद्ध करतात. आणि गोधडीबद्दल गल्लत नको. गोधडी, गादी, पडदे खोलीतला घुमारा कमी करतात, तोही वरच्या पट्टीतला. बाहेरचा आवाज आत येणं किंवा आतला बाहेर जाणं त्यांनी थांबत नाही. अंड्यांच्या ट्रेने तर काहीच थांबत नाही. आवाज बाहेर जातो तो दाराखालच्या फटीतून. दाराच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का जरी फट उरली, तरी दार कितीही जाड असो, अडवणूक २० डीबीच्या वर जात नाही. म्हणून पहिला खर्च दाराखाली लावायच्या रबरी पट्टीचा करावा. हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात शे-दोनशेत मिळते, आणि फोमच्या चौकोनांपेक्षा बाळाच्या झोपेला जास्त मानवते.

आता ऑटो गेन. बटण दाबायचं, दहा सेकंद गायचं, इंटरफेस स्वतः पातळी लावतो. घाईत असलेल्या आई-बापांसाठी ही सोय सोन्यासारखी वाटते, आणि बरीचशी आहेही. चूक होते ती दहा सेकंदांत काय गायचं यात. लोक मुखडा गुणगुणतात, पातळी त्यावर लागते आणि अंतऱ्यात तार षड्ज आला की दिवा लाल. त्या दहा सेकंदांत गाण्यातली सगळ्यात चढी ओळ गायची. रात्री ते शक्य नसेल तर दुपारी एकदा लावून गेनचा आकडा फोकसराइट कंट्रोल टू या इंटरफेसच्या सॉफ्टवेअरमधून टिपून ठेवायचा आणि रात्री तोच वापरायचा. टोकाची पातळी उणे १२ डीबीच्या आसपास असली (शून्य म्हणजे आवाज फाटण्याची हद्द) की झालं. २४ बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये त्याहून वर नेण्यात काहीच मिळकत नाही.

क्लिप सेफ हे त्याचं भावंड. आवाज फाटायच्या बेतात आला की ते गेन आपोआप खाली ओढतं. टेक वाचतो, पण त्याच टेकच्या आधीच्या आणि नंतरच्या भागाची पातळी वेगळी होते. एकाच सलग टेकमध्ये हे चालून जातं. पाच टेकमधून ओळ-ओळ निवडून जोडणाऱ्याला मात्र प्रत्येक जोडाशी पातळी जुळवत बसावं लागतं, आणि तो वेळ पुन्हा झोपेतूनच जातो. आधी गेन नीट लावलेला असेल तर क्लिप सेफ चालू ठेवूनही ते मध्ये पडत नाही. मुलांचे आवाज रेकॉर्ड करायचे असतील तर ते चालूच ठेवा. मूल माइकजवळ कधी किंचाळेल ते त्यालाही माहीत नसतं.

स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा येण्यावर डायरेक्ट मॉनिटर हे बटण आहे. ते लावल्यावर गळा संगणकात न जाता थेट कानात येतो. इथे हमखास होणारी गफलत म्हणजे सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंगही चालू राहतं आणि आवाज दुहेरी, पोकळ ऐकू येतो. दोन्हींपैकी एकच चालू ठेवा. गाताना रिव्हर्ब (घुमारा) हवाच असेल तर डायरेक्ट मॉनिटर बंद करून बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सँपलवर आणा. ४८ किलोहर्ट्झला ते जेमतेम पावणेतीन मिलिसेकंद होतात. जाऊन-येऊन दुपटीहून जास्त धरा. गाण्याला चालतं. मिक्स करताना तो पुन्हा १०२४ वर न्या, नाहीतर जुना लॅपटॉप धापा टाकतो आणि त्याचा पंखाच माइकमध्ये येतो.

उणी बाजू हेडफोनची. जॅक एकच आहे. नवरा-बायको दोघं मिळून गाणारे असतील, किंवा एकाने गायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं असेल, तर वेगळा हेडफोन अँप घ्यावा लागतो. साधा दुफाटी जोड लावला तर दोघांनाही एकाच आवाजावर भागवावं लागतं. बंद पाठीचे हेडफोन (ऑडिओ-टेक्निका एम ४० एक्स, बेयरडायनॅमिक डीटी ७७० वगैरे) हवेतच, पण त्यांनी बाळाचं रडणंही ऐकू येत नाही. एक कान उघडा ठेवला तर त्या कपमधून क्लिक (तालाची टिकटिक) बाहेर पडून माइकमध्ये शिरते. उपाय असा की ट्रॅक एकाच कानाकडे पॅन करायचा आणि उघड्या कानाकडचा कप डोक्यावर दाबून बसवायचा. बेबी मॉनिटरवर आवाजाऐवजी दिवे किंवा कंपन लावावं. क्लिकचा टोकदार टिकटिक आवाज बदलून खालच्या पट्टीतला बोथट आवाज ठेवला तर गळ्याच्या ट्रॅकमध्ये तो कमी सापडतो.

विजेचा हिशेब पुण्यात वेगळा करावा लागतो. हा इंटरफेस यूएसबीवर चालतो, त्यामुळे लॅपटॉपच्या पोर्टाने पुरेशी वीज दिली तर अडॅप्टरची गरज नाही. जुन्या लॅपटॉपला ती झेपत नाही. मग इंटरफेस मध्येच गायब होतो किंवा चिरचिर येते. अशा वेळी आधी केबल आणि पोर्ट बदलून पाहा, हबमधून तर जोडूच नका. ५० हर्ट्झचा घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढा. जुन्या इमारतींत अर्थिंग धड नसतं आणि चार्जर काढला की निम्म्या वेळा घूं जातो. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली तर तक्रार करण्याऐवजी रेकॉर्डिंग लावा. फ्रिज बंद, शेजाऱ्यांचे मिक्सर बंद, आणि लॅपटॉपच्या बॅटरीवर दोन तास निघतात. गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपमध्ये शिरणारी पंख्याच्या रेग्युलेटरची भणभणही त्या दिवशी नसते.

वेळेच्या बाबतीत एक ते चार ही वेळ पुण्याने कधीपासूनच राखून ठेवलेली आहे. दुकानं बंद, सोसायटी शांत, आणि बाळाची मोठी झोपही त्यातच बसते. गळ्याचे ट्रॅक तेव्हाच करा. सकाळी मूल पाळणाघरात असतं हे खरं, पण कचऱ्याची गाडी, कुकरच्या शिट्ट्या, पाण्याचा पंप आणि कोणाच्या तरी फ्लॅटमधलं ड्रिलिंग यांचीही ती वेळ असते. त्यात गिटार आणि कीबोर्ड थेट पुढच्या जॅकमध्ये लावून संपवावेत. (गिटारसाठी ‘इन्स्ट’ चालू करायला विसरू नका, नाहीतर आवाज मलूल येतो. कीबोर्डसाठी ते बंद.) गणपतीच्या आधीचे दीड-दोन महिने नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव संध्याकाळी सुरू होतो. ढोलाचा खर्ज फिल्टरने बराचसा निघतो, ताशा निघत नाही. त्या काळात संध्याकाळी माइक उघडायचाच नाही, एडिटिंग करायचं. निवासी भागासाठी ध्वनिप्रदूषणाच्या नियमात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. हळू गाणं बंद खिडकीआड खपून जातं, तबला नाही. आणि दारावरची पाटी. ‘बेल वाजवू नये. बाळ झोपले आहे. बेल वाजवल्यास बाळ तुमच्याकडे दिले जाईल.’ पार्सलवाल्यांवरही याचा परिणाम होतो, पण बेलची तार काढणं हा खात्रीचा मार्ग.

सॉफ्टवेअर म्हणून सोबत एबलटन लाइव्ह लाइट वगैरे येतं. तरी या कामाला रीपर जास्त जमतं. साठ दिवस फुकट वापरून पाहता येतं, घरगुती परवाना ६० डॉलरचा. त्यात एकदाच तासभर घालून टेम्प्लेट करावं: गळ्याचे दोन ट्रॅक, गिटार, कीबोर्ड, इनपुट नेमलेले, रेकॉर्डसाठी सज्ज, क्लिक लावलेली, आणि ऑटोसेव्ह चालू. रीपर उघडताच हेच टेम्प्लेट समोर येईल असं सेटिंग करून ठेवलं की लॅपटॉप उघडून कंट्रोल-आर दाबणं एवढंच उरतं. लॅपटॉपचं झाकण मिटल्यावर तो झोपणार नाही, हेही सेटिंग आत्ताच करा.

मध्येच उठावं लागण्याचं उत्तर इथेच आहे. बाळ रडलं तर रेकॉर्डिंग थांबवायच्या भानगडीत पडू नका. ‘एम’ दाबून मार्कर टाका आणि जा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एक ट्रॅक म्हणजे मिनिटाला साडेआठ-पावणेनऊ एमबी. वीस मिनिटांचं रडणं, थापटणं, पुन्हा झोपवणं मिळून पावणेदोनशे एमबी. परत आल्यावर गेन, हेडफोन, चाल, सगळं जिथल्या तिथे असतं. फाइल सकाळी कापता येते.

लहान मुलाच्या घरात या सामानाचे धोकेही पाहायला हवेत. तिकाटणी स्टँड ओढला की पडतो, म्हणून टेबलाला शिकंजासारखा बसणारा आर्म घ्या. माइक क्लिपमधला पितळी आटा (पाच अष्टमांशवरून तीन अष्टमांश इंचावर आणणारा) सुटा होऊन पडतो आणि नेमका तोंडात जाण्याच्या मापाचा असतो. खरी भीती गिटारच्या क्लिप ट्यूनरची. त्यात सीआर २०३२ ही चपटी बटण बॅटरी असते, आणि पुष्कळ ट्यूनरचं झाकण नुसतं सरकवून निघतं, त्याला स्क्रू नसतो. ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून भाजतं. मूल घरात असेपर्यंत क्लिप ट्यूनर कुलपात, आणि सूर फोनवरच्या ॲपने लावायचा. गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचं.

पर्यायांकडे आलं तर सोलो हे धाकटं मॉडेल थोडं स्वस्त आहे, पण त्यात ऑटो गेन आणि क्लिप सेफ नाही, माइक एकच लागतो आणि गेन ५७ डीबीवर थांबतो. या घरात ती काटकसर परवडत नाही. खरा स्पर्धक वेगळाच आहे: झूमचे २०२४ चे ‘इसेन्शियल’ रेकॉर्डर. ते ३२ बिट फ्लोटवर रेकॉर्ड करतात, म्हणजे गेन लावण्याचा प्रश्नच मिटतो. कुजबुज असो की किंकाळी, नंतर पातळी बसवता येते. एच १ इसेन्शियल दोन ट्रिपल-ए सेलवर चालतो आणि खिशात मावतो. त्याला एक्सएलआर लागत नाही. चाल सुचली की उशाशीच टिपायला यापेक्षा वेगवान काही नाही. एच ४ इसेन्शियलला दोन एक्सएलआर लागतात. ज्यांचं काम मुख्यतः गळा आणि हार्मोनियम असं आहे, त्यांनी स्कार्लेटच्या आधी तो ऐकून यावा. हार्मोनियमला माइक ३० ते ४५ सेंटीमीटरवर, भात्याच्या विरुद्ध बाजूला ठेवा, नाहीतर भात्याचा श्वास सुरांवर चढतो. ट्रॅकवर ट्रॅक रचणाऱ्यांना मात्र इंटरफेसच सोयीचा.

तबला, ड्रम्स आणि पूर्ण बँड यांच्यासाठी जॅम पॅड (सरावाची खोली) किंवा स्टुडिओ भाड्याने घेण्याला पर्याय नाही. फक्त घरी गळा आणि गिटारचा कच्चा ट्रॅक, क्लिकसकट, आधी तयार करून न्या. तासांचं काम निम्म्यावर येतं, आणि बाणेरहून कोथरूडला संध्याकाळी सहाला निघण्याची वेळ येत नाही. पैसे वसूल व्हायचे ते या वाचलेल्या तासांतूनच. स्ट्रीमिंगकडून आशा धरू नये. स्पॉटिफायवर २०२४ पासून आधीच्या बारा महिन्यांत हजार स्ट्रीम न झालेल्या ट्रॅकला रेकॉर्डिंगचे पैसेच मिळत नाहीत. गाणं वितरकाकडे (स्ट्रीमिंगवर ते पोचवणाऱ्या कंपनीकडे) चार आठवडे आधी चढवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे पिच (गाणं निवडण्याची विनंती) किमान सात दिवस आधी गेलं नाही तर फॉलोअर्सच्या रिलीज रडार या नव्या गाण्यांच्या यादीमध्येही गाणं येण्याची खात्री नसते, आणि मूल आजारी पडण्यासाठी नेमका शेवटचा आठवडाच निवडतं. गीत-संगीत स्वतःचं असेल तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासदत्व घेऊन गाण्याची नोंद करा. हे काम बाळाला मांडीवर घेऊनही होतं.

जुना इंटरफेस घ्यायचा असेल तर थर्ड जेन स्वस्तात मिळतो, मोठ्या आवाजात गाणाऱ्यांना पुरतोही. पैसे देण्याआधी स्वतःचा लॅपटॉप आणि एक कंडेन्सर माइक घेऊन जा. ४८ व्होल्ट (कंडेन्सरला लागणारी वीज) चालू करून दोन्ही चॅनेल वाजवा, सगळे नॉब कानाला हेडफोन लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, खरखर आली तर सोडून द्या. यूएसबीची केबल सॉकेटमध्ये हलकेच हलवून बघा, या जातीच्या यंत्रांत सगळ्यात आधी तेच सैल होतं. सोबतचं सॉफ्टवेअर पहिल्या मालकाच्या खात्यावर गेलेलं असतं, ते किमतीत धरू नका. नवा घेत असाल तर भारतातल्या अधिकृत वितरकाची वॉरंटी लिहिलेलं बिल हातात पडल्याशिवाय खोका उघडू नका.